माझं ते कुणाचं?

आयन रँडच्या 'ॲटलस श्रग्ड' या कादंबरीच्या अगदी शेवटी तिचा नायक जॉन गाल्ट डोंगरावरून उजाड पडलेल्या जगाकडे बघतो, हात उचलतो आणि हवेत एक खूण काढतो. मिस्साला जाणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटावी अशी ती हालचाल आहे. खूण मात्र क्रुसाची नसून डॉलरची आहे. हजाराहून अधिक पानं लिहून झाल्यावर बाईंनी हे शेवटच्या वाक्यात सहज म्हणून घातलेलं नाही. क्रुसावर निरपराध माणूस अपराध्यांसाठी मरतो, म्हणजे जे उत्तम ते हीनासाठी बळी जातं, आणि त्यालाच आपण पुण्य म्हणतो, ही ख्रिस्ती धर्माविरुद्धची त्यांची मुख्य तक्रार. १९६४ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी ती आडपडदा न ठेवता बोलून दाखवली.

बाईंचा राग कुठून आला ते विसरून चालणार नाही. जन्म १९०५चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी ताब्यात घेतलं. 'सर्वांच्या भल्यासाठी' म्हणजे नेमकं काय, हे या मुलीला घरबसल्या कळलं. १९२६ साली ती अमेरिकेला गेली आणि उरलेलं आयुष्य तिने एकच गोष्ट सांगण्यात घालवलं: माणूस स्वतःसाठी जगतो, आणि दुसऱ्यासाठी जगायला त्याला भाग पाडणारा प्रत्येकजण चोर आहे, मग त्याच्या अंगात झगा असो की गणवेश.

कादंबरी ऑक्टोबर १९५७मध्ये आली. डिसेंबरात 'नॅशनल रिव्ह्यू' या साप्ताहिकाने तिची जी सालटी काढली, त्याची आठवण अमेरिकेतले उजवे अजून काढतात. हे नियतकालिक डाव्यांचं असतं तर कुणी दखलही घेतली नसती. पण ते विल्यम बकलीचं होतं, म्हणजे कम्युनिस्टांचे कट्टर वैरी असलेल्या एका कॅथलिकाचं. परीक्षण लिहिणारा व्हिटेकर चेंबर्स एकेकाळी सोव्हिएत हेरांचा निरोप्या होता. पक्ष सोडून तो देवाकडे वळला, पुढे क्वेकर झाला आणि १९४८ साली त्याने परराष्ट्र खात्यातला माजी अधिकारी ॲल्जर हिस याच्याविरुद्ध साक्ष देऊन सगळा देश हलवला. म्हणजे रँड आणि चेंबर्स दोघंही एकाच आगीतून बाहेर पडलेली माणसं. तरीही चेंबर्सला बाईंच्या पुस्तकात मार्क्सच दिसला. देव नाही, माणूसच सगळ्याचं माप, आणि ज्यांना हे पटत नाही ते अडगळ. फक्त कामगाराच्या जागी कारखानदार बसवलेला. बाई म्हणत, ते परीक्षण आपण वाचलंच नाही.

या संग्रहातले लेख आणि भाषांतरं या भांडणाभोवती फिरतात. प्रश्न असा: व्यक्तीचं स्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता आणि खुला बाजार यांवर उभं असलेलं राजकीय तत्त्वज्ञान ख्रिस्ती माणसाला मनापासून स्वीकारता येतं का? मराठी वाचकाला हा प्रश्न थोडा परका वाटेल. खुल्या बाजाराचा विचार आपल्याकडे चाकणच्या कांद्यामागून आला, शरद जोशींच्या सभांमधून आला. त्याने येताना कुठला धर्मग्रंथ बरोबर आणला नाही. अमेरिकेत आणि युरोपात मात्र या प्रश्नावर माणसांनी मैत्र्या तोडल्या आहेत.

एक गैरसमज आधीच बाजूला करतो. व्यापार, नफा, बाजारभाव या गोष्टी चर्चला पहिल्यापासून अमंगळ वाटत आल्या, असं समजून पुष्कळजण चर्चा सुरू करतात. ते खरं नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठाभोवती जमलेल्या धर्मपंडितांनी, आणि पुढे लुईस दे मोलिनासारख्या जेझुइटांनी, वस्तूचा न्याय्य भाव म्हणजे बाजारात लोकांच्या अंदाजाने ठरणारा भाव, अशी मांडणी केली. हुआन दे मारिआनाने तर राजा नाण्यात खोट घालतो ती प्रजेची लूट आहे, असं लिहिलं आणि त्यापायी कैद भोगली. मरे रॉथबार्डसारखा निरीश्वरवादाकडे झुकलेला अर्थतज्ज्ञ या पाद्र्यांना आपले पूर्वज मानायचा तो काही उगाच नव्हे. तेव्हा किराणा दुकानदार ख्रिस्ती असू शकतो का, हा आपला प्रश्नच नाही. दुकानदार जेव्हा म्हणतो की हे माझं आहे आणि मी कुणाचं काही लागत नाही, तिथे खरी अडचण सुरू होते.

खुल्या बाजाराचे ख्रिस्ती पुरस्कर्ते पवित्र शास्त्रातल्या काही जागांवर पुन्हा पुन्हा येतात. पहिली जागा शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातली. लोक राजा मागतात तेव्हा संदेष्टा त्यांना बजावतो: तो तुमची मुलं रथांपुढे धावायला नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेऊन चाकरांना वाटेल, धान्याचा दशांश उचलेल. दशांश म्हणजे दहा टक्के! तीस टक्क्यांच्या टप्प्यात बसलेल्या आपल्या नोकरदाराला तो राजा दयाळूच वाटेल. दुसरी जागा मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याची. पहाटेपासून राबलेल्यांना आणि शेवटचा तासभर आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, आणि कुरकुर झाल्यावर विचारतो की जे माझं आहे त्याचं मला हवं ते करायची मुभा नाही का? मालमत्तेच्या हक्काचा याहून स्पष्ट उच्चार कुठे सापडेल, असं हे लोक विचारतात. त्यांना एकच आठवण करून द्यावीशी वाटते. अशी मजुरी देणारा मालक कुठल्याच नाक्यावर भेटत नाही, आणि त्या दाखल्यातला मालक म्हणजे देव.

तिसरी जागा सगळ्यांत अवघड आणि म्हणून माझ्या आवडीची: प्रेषितांच्या कृत्यांमधली हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट. यरुशलेमेतली पहिली मंडळी आपापली शेतं-घरं विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवत होती. हनन्यानेही मालमत्ता विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि उरलेले सगळेच आहेत असं भासवून आणले. पेत्र त्याला विचारतो, विकण्याआधी ती तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच हातात नव्हते का? हनन्या जागीच मरून पडतो, तीन तासांनी त्याची बायकोही. बाजारवादी म्हणतात, बघा, शिक्षा खोटं बोलण्याची झाली. पैसे मागे ठेवणं गुन्हा नव्हता, मालकी खुद्द पेत्राने मान्य केली. बरोबर आहे. पण याच्या थोडंच आधी असं लिहिलं आहे की त्या मंडळीत कुणीही स्वतःच्या वस्तूला आपली म्हणत नसे. दोन्ही बाजूंचे प्रवचनकार यातला एकेक भाग उचलतात. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र असं दिसतं की कुणावर सक्ती नाही, आणि 'माझं' म्हणायला कुणी धजतही नाही. आजच्या कुठल्याही राजकीय पक्षाला हे चित्र पेलणारं नाही.

या साऱ्यातून निघणारा मुख्य युक्तिवाद असा. सगळं विकून गरिबांना दे, हे ऐकून तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्या मागे शिपाई धाडले नाहीत. जकातदार जक्कयाने अर्धी संपत्ती वाटली ती स्वतःहून. सक्तीने काढून घेतलेल्यात पुण्य कसलं? म्हणून गरिबाची काळजी ही मंडळीची आणि शेजाऱ्याची जबाबदारी. सरकारने कर लावून ती केली तर देणाऱ्याची माया मरते आणि घेणाऱ्याची कृतज्ञताही. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो, पण अर्धाच.

उरलेला अर्धा भाग चौथ्या शतकात बॅसिलने सांगून ठेवला आहे. हा कैसरियाचा बिशप. दुष्काळात धान्य दाबून ठेवणाऱ्यांसमोर त्याने जे प्रवचन केलं, त्याचा गाभा असा की कोठारात पडलेली जादा भाकर मुळात भुकेल्याचीच आहे. मिलानच्या अंब्रोजनेही हेच म्हटलं: गरिबाला देताना तू त्याचंच त्याला परत करतोस. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याला कायद्याची शिस्त दिली. खाजगी मालमत्ता त्याने मान्य केली, नीट व्यवस्था राहते म्हणून. पण जिवावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याकडचं घेतलं तर ती चोरी ठरत नाही, असंही लिहिलं. म्हणजे या परंपरेत देणं हे औदार्य नाही, थकलेली उधारी आहे. आणि उधारी वसूल केल्याने कर्जदाराच्या सद्गुणाला धक्का लागतो, असं कुठलं कोर्ट म्हणत नाही. 'सक्तीच्या दानात पुण्य नाही' हे वाक्य बॅसिलपुढे टिकत नाही. तरीही बाजारवाद्यांच्या हाती एक पान राहतंच. बॅसिलने कोठारं फोडायला बादशहाचं सैन्य मागवलं नव्हतं. त्याने मालकांना भरसभेत लाज आणली आणि कोठारं त्यांनी आपल्या हातांनी उघडली. देणं लागतो हे कबूल केलं, तरी वसुलीचा हक्क कुणाचा हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि माझ्या मते सगळा प्रामाणिक वाद याच जागेवर व्हायला हवा.

तो तिथे होत नाही, कारण मध्ये जॉन लॉक येतो. १६८९ साली निघालेल्या त्याच्या दोन निबंधांना व्यक्तिवादी आपलं मूळपीठ मानतात. प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा मालक, म्हणून त्याच्या श्रमाचा मालक, म्हणून श्रमातून आलेल्या वस्तूचा मालक, अशी ती साखळी. पण त्याच पुस्तकात थोडं आधी लॉक म्हणतो की माणसं ही देवाची घडण आहेत, त्याच्या मालकीची आहेत, आणि म्हणून त्यांनी एकमेकांचा वा स्वतःचाही नाश करता कामा नये. पहिल्या निबंधात तर त्याने अत्यंत गरजू माणसाला दुसऱ्याच्या शिलकीवर हक्कच देऊन टाकला आहे. देहाचा मालक देव की मी? लॉकच्या घरात या दोन तुळया एकमेकींना टेकून उभ्या आहेत. १९७४ साली तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं तेव्हा देवाची तुळई काढून ठेवली आणि दुसरीवरच सगळा भार टाकला. घर पडलं नाही, उलट जास्त सुटसुटीत दिसू लागलं. पण त्यात ख्रिस्ती माणसाला राहता येईल का? मला वाटतं, नाही. ज्याला आपला जीवच उसना मिळाला आहे असं वाटतं, त्याला 'मी माझा मालक' हे पहिलंच सूत्र मान्य करता येत नाही. या मुद्द्यावर रँडबाई अनेक ख्रिस्ती बाजारवाद्यांपेक्षा अधिक सरळ होत्या. बकलीनेच सांगितलेली गोष्ट आहे: पहिल्याच भेटीत त्या त्याला म्हणाल्या, तुझ्यासारख्या हुशार माणसाने देव मानावा म्हणजे कमाल आहे.

मग दोन्हींची सांगड घालणारं कुणी झालंच नाही का? झालं, आणि या संग्रहातला सगळ्यांत मोठा विभाग मी त्यांना दिला आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात वॉल्टर ऑयकेन अर्थशास्त्र शिकवत होता. १९३३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या मार्टिन हायडेगरने नाझींची री ओढली, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांत ऑयकेन पुढे होता. नोव्हेंबर १९३८मध्ये सिनेगॉगं जाळली गेली. त्यानंतर ऑयकेन, कॉन्स्टँटिन फॉन डिट्झे, अडॉल्फ लाम्पे, इतिहासकार गेरहार्ड रिटर असे काही प्राध्यापक पाळकांबरोबर गुपचूप बसू लागले. जुलमी सरकारपुढे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य काय, हा विषय. १९४२च्या अखेरीस पाळक डिट्रिख बॉनहोफर त्यांच्याकडे आला. युद्धानंतरच्या जर्मनीसाठी ख्रिस्ती पायावरचा एक मसुदा त्याला हवा होता. जानेवारी १९४३पर्यंत तो तयार झाला. अर्थव्यवस्थेवरचं त्याचं परिशिष्ट ऑयकेन, डिट्झे आणि लाम्पे यांनी लिहिलं. जुलै १९४४मध्ये हिटलरवरचा हल्ला फसल्यावर डिट्झे, लाम्पे आणि रिटर तुरुंगात गेले. एप्रिल १९४५मध्ये बॉनहोफरला फाशी झाली. बाजारातले भाव मोकळे असावेत हे लिहिणाऱ्यांना त्यापायी मरण समोर दिसावं, हे अर्थशास्त्राच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही. या मसुद्याला डागही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. छळाचा निषेध करतानाच त्यात ज्यूंकडे सोडवायचा 'प्रश्न' म्हणून पाहणारं एक परिशिष्ट आहे.

या मंडळींचा बाजारावरचा विश्वास माणसाच्या थोरवीतून आलेला नव्हता. तो आदिपापातून आला होता. माणूस मुळातच घसरणारा आहे. म्हणून कुठल्याही एका माणसाच्या हाती फार सत्ता नको, मंत्र्याच्याही नको आणि कारखानदाराच्याही नको. फ्रायबुर्गच्याच फ्रान्झ ब्योमला स्पर्धेचा सगळ्यांत मोठा गुण कार्यक्षमतेपेक्षा हा वाटत होता की ती बलवानाच्या हातून सत्ता काढून घेते. त्यामुळे सरकारने भाव ठरवू नयेत, मात्र मक्तेदाऱ्या आणि कार्टेल मोडायला ते खंबीर असलं पाहिजे. जून १९४८मध्ये जर्मनीच्या पश्चिम भागात दोस्त राष्ट्रांनी चलन बदललं, तेव्हा तिथला अर्थव्यवहार पाहणाऱ्या लुडविग एरहार्डने भावनियंत्रणं उठवली, त्यामागे हे विचार होते. हिटलर आल्याबरोबर १९३३मध्येच देश सोडून इस्तंबूलला आणि पुढे जिनिव्हाला गेलेला विल्हेल्म रोप्के आणखी पुढे जाऊन म्हणाला की बाजार सचोटी, संयम, शब्दाला जागणं या गोष्टी वापरतो, त्या तयार करत नाही. त्या घरात, गावात, देवळात तयार होतात. रॉथबार्ड आणि त्याचे चेले या लोकांना अर्धवट मानतात. माझ्या मते बाजाराचं रक्षण त्यांनीच अधिक जपून केलं, कारण त्याच्याकडून मोक्ष मागितला नाही.

अर्थतज्ज्ञ हायेकलाही हे जाणवलं असावं. एप्रिल १९४७मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मों पेलरँ इथे त्याने जगभरचे उदारमतवादी जमवले, तेव्हा स्वतः देव मानत नसूनही उदारमतवाद आणि धर्म यांच्यातली फूट मिटवणं त्याने अगत्याचं मानलं. तिथे निघालेल्या संस्थेला अॅक्टन आणि टॉकव्हिल यांची नावं द्यावीत ही त्याची सूचना, पण दोन कॅथलिक सरदारांची नावं नकोत म्हणून अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट अडून बसला. अखेर गावाचंच नाव मिळालं. आणि गंमत बघा, सत्ता माणसाला भ्रष्ट करते हे अॅक्टनचं वचन आज प्रत्येक सरकारविरोधी भाषणात येतं; ते त्याने १८८७ साली एका अँग्लिकन इतिहासकाराला पत्रात लिहिलं होतं, आणि वाद चालू होता मध्ययुगीन पोपांच्या अपराधांवर पांघरूण घालावं की नाही याचा.

अमेरिकेतली सांगड इतकी नाजूक नव्हती. लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत चर्चचा पाळक जेम्स फायफिल्ड याने १९३५ साली पाळकांची एक चळवळ सुरू केली. रूझवेल्टच्या योजना म्हणजे देवाच्या आज्ञांचा भंग, असा तिचा सूर. पैसा तेल कंपनीच्या हॉवर्ड प्यूसारख्या उद्योगपतींकडून आला. तिच्या मासिकात रॉथबार्ड टोपणनावाने सदर लिहायचा, म्हणजे पाळकांसाठीच्या मासिकात नास्तिकाचं सदर. या साहित्यातलं मी फार थोडं घेतलं आहे. त्यात देवाचं नाव पुष्कळ असलं तरी युक्तिवाद कमी आहे. तिथलं नाणं किती घासलं गेलं ते २०१२ साली दिसलं. अर्थसंकल्प कापायला निघालेला कॅथलिक खासदार पॉल रायन एकेकाळी रँडचे गोडवे गात असे. जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी त्याला जाहीर पत्र लिहून विचारलं की हे गणित शुभवर्तमानाचं आहे की रँडबाईंचं? आपल्याला अक्वायनस जवळचा, असं त्यावेळी तो सांगू लागला होता.

मार्गारेट थॅचर यांचं २१ मे १९८८चं एडिनबरोचं भाषण मात्र पूर्ण घेतलं आहे. बाई ग्रँथमच्या किराणा दुकानदाराच्या कन्या. वडील मेथडिस्ट, रविवारी उपदेश करणारे. स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत उभं राहून त्यांनी पौलाचा दाखला दिला की जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, आणि ख्रिस्ती धर्म ही आधी एकेकट्या माणसाने करायची निवड आहे असं सांगितलं. भाषण संपल्यावर महासभेच्या अध्यक्षांनी शांतपणे चर्चचे घरं आणि गरिबी यांवरचे अहवाल त्यांच्या हाती ठेवले. ते अहवालही भाषणाशेजारीच वाचायला हवेत. पोपांच्या पत्रांचे उतारे निवडताना लिओ तेराव्याचं १८९१चं आणि जॉन पॉल दुसऱ्याचं १९९१चं पत्र पुरेसं वाटलं. पहिल्यात समाजवादाला नकार आणि कामगाराच्या पोटापुरत्या मजुरीचा आग्रह आहे. दुसऱ्यात भांडवलशाहीला होकार आहे, पण अटींसह.

आपल्याकडचा एकच प्रसंग नोंदवतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'चं आंदोलन उभं राहिलं. बिल्डरांना मोकळं रान मिळालं होतं आणि टँकर वाड्यांमधलं पाणी उपसून नेत होते. गोड्या पाण्याचं बावखल माझ्या वाडीतलं, विहीर माझ्या आज्याने खणलेली, गिऱ्हाईक पैसे मोजतंय. मग विकलं तर कुणाच्या पोटात का दुखावं? असं विचारणारा वाडीवाला आणि जमिनीखालचं पाणी एकट्याचं नसतं असं सांगणारा धर्मगुरू, हे दोघंही एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे. नॉझिक वाडीवाल्याच्या बाजूने उभा राहील. रोप्के बहुधा गावाने उपशाचा नियम करावा म्हणेल. पण बॅसिलचं काय? टँकरच्या दुसऱ्या टोकाला नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतीत राहायला आलेली, नळाला पाणी नसलेली माणसं हंडे घेऊन उभी होती. जिवावर बेतलेला तहानलेला नेमका कोण, हंडा घेऊन उभा असलेला की ज्याची वाडी खाऱ्या पाण्याने जळणार तो, हे अक्वायनसच्या नियमातूनही लगेच सुटत नाही. संग्रहातल्या एकाही लेखकापुढे हा पेच या रूपात आला नव्हता.